वाचकांचे प्रश्न : उतारवयातलं बळ आणि राहतं ठिकाण

उतारवयातल्या जर्जरपणाबद्दल, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात त्याबद्दल, बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच : चालायला सांगू का? पण तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या बाईला, पाखाडी (कोकणातली दगडी पायवाट) उतरणाऱ्या आजोबांना आणि ऊस तोडणाऱ्या मजूर बाईला एकच उत्तर कसं देणार? म्हणून चार ठिकाणची चार पत्रं निवडली आहेत. उत्तरं आमच्या वैद्यकीय आणि फिजिओथेरपी सल्लागारांची.

वडील ६८ वर्षांचे. पहाटेपासून रानात असतात, तरी वर्षभरात वजन ५८ किलोवरून ५४ वर आलं. खताचं पोतं आता उचलवत नाही. ‘वय झालं’ म्हणतात. कष्टाच्या माणसालाही जर्जरपणा येतो का? — जुन्नर तालुका

येतो, आणि उशिरा लक्षात येतो, कारण माणूस दिवसभर हलताना दिसतो. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेले पाच निकष आजही वापरात आहेत : प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यातले तीन किंवा जास्त असले तर जर्जरपणा, एक-दोन असले तर त्याच्या आधीची पायरी. शेतकरी पाचव्या निकषात सहसा अडकत नाही, म्हणून बाकीचे चार मुद्दाम तपासावे लागतात. वडिलांचं वजन जवळजवळ ७ टक्के घटलंय. धोक्याची रेषा वर्षाला ५ टक्के.

घरी दोन चाचण्या करा. ओसरीवर ४ मीटरवर खुणा करा आणि दोन्हीकडे १-१ मीटर जास्तीची जागा सोडा. नेहमीच्या चालीने चालायला सांगून फक्त मधल्या ४ मीटरची वेळ घ्या. ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं, ५ पेक्षा जास्त लागले तर दाखवायलाच हवं. दुसरी : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर मांड्यांची ताकद कमी आहे. प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते आणि माणूस आपटतो, म्हणून भिंत विसरू नका. ‘जरा भरभर चाला’ असंही म्हणू नका. मग मोजलेल्या वेळेला अर्थ राहत नाही.

पण आधी वजन का उतरलं ते शोधा. प्रोटीन पावडरचा डबा आणण्यापूर्वी थुंकीची क्षयरोग तपासणी (सरकारी केंद्रात मोफत), एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) करून घ्या. दात पाहा, घास नीट गिळता येतो का विचारा. उदास आहेत का, हेही विचारा. हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही.

यातून काही निघालं नाही, तर ताट बदला. ज्येष्ठांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे वडिलांना ५४ ते ६५ ग्रॅम. तीन भाकऱ्यांतून साधारण १५, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळीतून १४, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यांतून १२, ३०० मिली दुधातून १० आणि एका अंड्यातून ६, बेरीज ५७. अंडं चालत नसेल तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५ मिळतात. पातळ आमटीची वाटी यात धरू नका, तिच्यात डाळ नावापुरती असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून करा.

एक गैरसमज राहतोच. खुरपणी, पाणी धरणं ही कामं दमवतात, पण तासन् तास चालणारी हलकी कामं आहेत. स्नायू वाढायला थोडा वेळ पण जड भार लागतो. खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम शेतकऱ्यालाही लागू आहे. तो कसा करायचा ते पुढच्या उत्तरात.

आई ७४ वर्षांची, चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे महिन्यातून एक-दोनदाच खाली उतरते. घर बदलावं का? — गिरगाव, मुंबई

घाई करू नका. चाळीत दार उघडं असतं, शेजारीण डोकावते, कॉमन गॅलरीत बसता येतं. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर लिफ्ट असूनही न उतरणारे ज्येष्ठ खूप आहेत. आधी तीन महिने पायांवर मेहनत घ्या.

खुर्चीवर उशी ठेवून बैठक ५० सेंटिमीटरच्या आसपास उंच करा. पाच वेळा उठणं-बसणं, थोडी विश्रांती, पुन्हा पाच. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दहा-दहाचे तीन फेरे सहज जमले की उशी काढा. तेही सोपं झालं की छातीशी एक लिटर पाण्याची बाटली धरा. सगळ्यांची चूक इथेच होते : महिनोन्‌महिने तोच व्यायाम तेवढाच करत राहतात, भार वाढवत नाहीत. याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं दहाचे दोन फेरे, आणि एका पायापुढे दुसरा पाय ठेवून १० सेकंद उभं राहणं. व्यायामाने गुडघा थोडा दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर फेरे निम्मे करा, बंद करू नका.

जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. प्रत्येक वळणावर स्टूल ठेवायला शेजाऱ्यांना सांगा. चढताना धाप लागत असेल किंवा छाती भरून येत असेल, तर तो गुडघ्यांचा प्रश्न नाही; आधी हृदय तपासा. जिन्यात एकदा जरी पडली किंवा तीन महिन्यांनंतरही एक मजला उतरवत नसेल, तर मात्र घराचा विचार करा.

आई-बाबा ७२ आणि ७६, गावी दोघंच. घर उतारावर, पाखाडी चिऱ्याची, न्हाणीघर बाहेर. गेल्या पावसात बाबा दोनदा घसरले. — राजापूर तालुका

दोनदा घसरणं ही सूचना समजा. वाट आणि माणूस, दोन्ही तपासा.

वाटेचं आधी. जूनच्या आधी पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून, अर्ध्या तासाने ताठ ब्रशने घासून काढा, श्रावणात पुन्हा. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. पाखाडीच्या एका बाजूला तरी पायरीपासून ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर लोखंडी पाइप बसवा. मुठीत पूर्ण मावेल एवढाच जाड, साधारण ४ सेंटिमीटर. जाड बांबूवर हात घसरतो. घरापासून न्हाणीपर्यंत दिवा हवाच. गुळगुळीत झालेल्या स्लिपर टाकून टाचेमागे पट्टा असलेल्या चपला घ्या.

मग बाबांचं. पाच मिनिटं आडवं पडल्यावर रक्तदाब मोजा. उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर पहाटे न्हाणीकडे जाताना तोल जाण्याचं कारण सापडलं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून बंद करू नका.

आणि दोन वेळ पेज चालू असेल तर तिकडेही बघा. वाडगाभर पेजेत प्रथिनं जेमतेम २-३ ग्रॅम. पेजेला नावं ठेवायची नाहीत, पण सोबत कुळथाची पिठी, अंडं किंवा ताजी मासळी हवी. सुके बोंबील प्रथिनांनी भरलेले असतात, मात्र खारवलेली मासळी रक्तदाबवाल्याने धुऊन आणि बेतानेच खावी.

आई ४६ वर्षांची, ऊसतोडीला जाते. ३१ व्या वर्षी पिशवी काढली. आता कंबर धरते, मोळी डोक्यावर घेववत नाही, मुकादम उचल (आगाऊ दिलेले पैसे) परत मागतो. या वयात जर्जरपणा असतो का? — बीड जिल्हा

असतो. भारतातल्या वार्धक्याच्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत २०१७-१८ मध्ये ७२ हजारांहून अधिक माणसं घेतली, ती ४५ वर्षांपासून पुढची. ही झीज साठीची वाट पाहत नाही, आणि बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त आढळते. तुमच्या भागात आणखी एक कारण आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यात फक्त गर्भाशय काढल्याचं आहे की दोन्ही बीजकोशही (अंडाशय), हे पाहा. बीजकोश गेले असतील तर ३१ व्या वर्षीच हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक थांबलं आणि हाडांची झीज सुरू झाली. ते राहिले असले तरी पाळी जायचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत बीजकोश दिसतात का ते विचारा.

तपासण्या : हिमोग्लोबिन (१२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय), कॅल्शियम, ‘ड’ आणि ‘बी१२’ जीवनसत्त्व, थायरॉईड, पाठीचा एक्स-रे. एक्स-रेत मणका दबलेला दिसला किंवा उंची चार सेंटिमीटरने कमी झालेली असली, तर मोठ्या रुग्णालयात डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. मेडिकलवाल्याकडून आणून रोज घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात.

मणका दबलेला असेल तर मोळी उचलणं बंद. इथे ‘जपून उचला’ म्हणण्यात अर्थ नाही. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही हे आम्हाला माहीत आहे. निदान वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधणं, पाचट (वाळलेली पानं) सावरणं अशी हलकी कामं तिच्याकडे द्या आणि डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या. फडावर चहा-भाकरीवर दिवस काढला जातो, तिथे गूळ-शेंगदाणे आणि भिजवलेले हरभरे सोबत बांधून द्या. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची वेगळी ओपीडी असते, पण ४६ व्या वर्षी तिथे नाव लागणार नाही. स्त्रीरोग आणि अस्थिरोग विभागांत जा. हाडांचं औषध सुरू झालं तर ते मध्येच तोडू नये. हंगाम सुरू व्हायच्या आधीच पुढच्या तारखा विचारून, पुरतील एवढ्या गोळ्या घेऊन निघा, कारण गळीत हंगाम पाच-सहा महिने चालतो.