‘मालक राहत नाही’

प्रश्न : वडिलांच्या नावावर पुण्यात जुना फ्लॅट आहे. वडील २०२२ मध्ये गेले. आई एकटीच तिथे राहते, मी लग्नानंतर दुसऱ्या उपनगरात, भाऊ दुबईला. आई पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गॅलरीच्या ग्रिलला छोटी पाटी आहे. गेल्या महिन्यात मिळकतकराच्या कार्यालयातून एकजण येऊन फोटो काढून गेला. आता वडिलांच्या नावाने विशेष नोटीस आली आहे. ‘मालक राहत नाही’ म्हणून ४० टक्के सवलत रद्द, आणि पुढची १४० चौरस फुटांची खोली बिगर निवासी. कार्यालयात गेले तर एका टेबलावर म्हणतात, मिळकत तुमच्या नावावर नाही, तुमचा अर्ज घेता येत नाही. नाव लावायला दुसऱ्या टेबलावर गेले तर म्हणतात, आधी आकारणीचं मिटवा. बाहेरचा झेरॉक्सवाला पाच हजारांत सगळं करून देतो म्हणतो. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती आलं तेव्हा नोटीस मिळून नऊ दिवस झाले होते. म्हणून छापील उत्तराची वाट न बघता तुम्हाला फोन केला आणि त्याच दिवशी आईंच्या सहीचा अर्ज आवक-जावक विभागात द्यायला सांगितलं. इतर वाचकांसाठी त्यामागचं कारण सविस्तर लिहितो.

मुदत १५ दिवसांची आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कराधान नियमांत नियम १५ आहे. करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर आकारतात ती, वाढवायचं असेल तर मालकाला किंवा भोगवटादाराला विशेष लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार करता येते. यातला ‘किंवा भोगवटादाराला’ हा शब्द तुमच्या कामाचा. आई त्या घरात राहतात, म्हणजे भोगवटादार आहेत. शिवाय विधवा पत्नी म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, तुमच्या आणि भावाच्या बरोबरीने. त्यामुळे ‘नावावर नाही म्हणून अर्ज घेत नाही’ या बोलण्याला कायद्याचा आधार नाही. मात्र तक्रार तुमच्या सहीने न करता आईंच्या सहीने करा. टेबलावरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

टेबलावर घेतच नाहीत, तर टेबलावर द्यायचाच नाही. आवक खिडकीवर द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिथेही टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी आयुक्तांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. तुम्ही तीन वेळा गेलात, साहेब ‘बघतो’ म्हणाले, हे सगळं खरं असेल. पण फाइलमध्ये त्याची एक ओळही नाही. आणि याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करायचं तर आधी आयुक्तांकडे मुदतीत तक्रार केलेली असावी लागते आणि तिचा निकाल लागलेला असावा लागतो. तक्रार केली नाही तर पुढचं दारही बंद. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत निम्मे लोक इथेच अडकतात. चकरा भरपूर मारलेल्या असतात, पोच एकही नसते.

आता ‘मालक राहत नाही’ या शेऱ्याकडे बघा. खोटं काय आहे त्यात? दप्तरी मालक तुमचे वडील, आणि ते तिथे राहत नाहीत. पाहणीला आलेल्याने नोंदीवरचं नाव विचारलं असेल, आईंनी ‘ते आता नाहीत’ म्हटलं असेल, आणि त्याने रकाना भरला. गंमत वाटते, पण सवलत गेली ती यातूनच. पेठ निरीक्षकाकडे, म्हणजे मिळकतींची पाहणी करणाऱ्या कर कर्मचाऱ्याकडे, हजारो मिळकती असतात. तो तुमच्याकडे चहाला थांबून वंशावळ विचारणार नाही.

म्हणून नाव लावणं आणि तक्रार ही दोन कामं दोन वेगळ्या अर्जांनी, एकाच दिवशी सुरू करा. एक संपल्यावर दुसरं, असं कायदा सांगत नाही. मालक वारल्यावर वारसांनी वर्षभरात महापालिकेला कळवायचं असतं. तुमचा उशीर झाला आहे, पण त्याने हक्क बुडत नाही. वारसा हक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अर्जाची पोच घ्या. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जात ही तरतूद नुसती नमूद केली तरी फाइल जरा लवकर हलते, असा माझा अनुभव.

नावं कोणाची लावायची? तिघांचीही लावा, पहिलं आईंचं. फक्त आईंचं लावायचं असेल तर तुमची आणि भावाची संमती लागेल. पण करनोंदवहीत नाव लागल्याने कोणी मालक होत नाही आणि न लागल्याने कोणाचा हिस्सा जात नाही. भावाला फोनवर हे आधी सांगा. मिळकतकराच्या नावावरून भावंडांत अबोला झालेली घरं मी पाहिली आहेत.

सवलतीबद्दल थोडं. पुण्यात स्वतःच्या वापरातल्या घराला ४० टक्के सवलत १९७० पासून होती. मध्ये ती थांबली, नव्या मिळकतींना १ एप्रिल २०१९ पासून मिळत नव्हती, आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये ती पुन्हा लागू केली. पाहणीत ज्यांची सवलत गेली त्यांनी पीटी-३ अर्ज भरून पुरावा द्यायचा. २०२३ मध्ये त्या अर्जाचं शुल्क होतं २५ रुपये. झेरॉक्सवाल्याचे पाच हजार कशाचे, ते तुम्हीच ठरवा. रकमेचा अंदाज यावा म्हणून : वार्षिक भाडेमूल्य समजा ३०,००० रुपये. दुरुस्तीची १० टक्के वजावट जाऊन २७,००० उरतात. सवलत नसेल तर आकारणी या २७,००० वर, असेल तर ४० टक्के जाऊन १६,२०० वर. दरवर्षीचा फरक आहे हा.

पुरावा म्हणून सोसायटीचा दाखला, आईंचं मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक जोडा. एक गोष्ट लपवू नका. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचं बिल अर्जासोबत मागतात. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटवर तुम्ही सवलत घेत असाल तर आईंच्या घराची सवलत तुमच्या नावाने मागू नका, आईंच्या राहण्यावर मागा.

शिवणकामाचा मुद्दा मात्र तुम्ही समजता तितका सरळ नाही. पाटी आहे, गिऱ्हाईक येतं, पैसे घेतले जातात. ‘व्यवसाय नाहीच’ असं लिहिलंत तर त्यांच्या फाइलमध्ये पाटीचा फोटो आहे आणि तुमचं बाकीचं म्हणणंही कोणी ऐकणार नाही. आता घाईने पाटी काढून ‘कधीच नव्हती’ म्हणणं तर त्याहून वाईट. मी असं लिहीन : आई त्याच खोलीत राहतात, रात्री तिथेच झोपतात, खिडकीपाशी एक घरगुती मशीन आहे, कामाला माणूस नाही, वेगळा दरवाजा नाही, आणि महावितरणचं बिल घरगुती दराचं आहे. हे वीजबिल नक्की जोडा. कागदोपत्री याहून बोलका पुरावा दुसरा नाही. मुख्य मागणी पूर्ण घर निवासी धरण्याची, आणि ती मान्य नसेल तर निदान मशीनपुरतीच जागा बिगर निवासी धरा अशी पर्यायी मागणी. पर्यायी मागणी लिहायला लोक कचरतात, जणू हार मानली. सुनावणी घेणाऱ्याला मधला रस्ता कागदावर दिसला तर तो घेतो.

तक्रार फेटाळली आणि बिल आलं, तर एक ओळ आधी शोधा : रोजगार हमी उपकर. तो शहरात फक्त बिगर निवासी वापरावर लागतो. ती ओळ दिसली की खोली कोणत्या खात्यात गेली ते कळतं, बाकी रकाने न वाचताही.

तोवर जुन्या दराचं चालू बिल भरून टाका. वाद आहे म्हणून कर थांबवणारे पुढे रडतात, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, वर्षाला २४ टक्के. वाढीव बिल भरायची वेळ आली तर सोबत ‘हक्क राखून भरणा करत आहे’ असं पत्र द्या. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला पुन्हा १५ दिवसच, पुण्यात लघुवाद न्यायालयात, आणि वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. तेव्हा मात्र वकील करा.

पाहणीच्या पंचनाम्याची प्रत सुनावणीतच मागा. माहिती अधिकारातही मिळेल, १० रुपयांचं शुल्क आणि एकाच विषयाचा १५० शब्दांत अर्ज. पण त्याला ३० दिवस लागू शकतात आणि सुनावणी त्याआधी लागेल.

आणि तुम्ही पाठवलेल्या मंजूर नकाशात पुढची खोली १२ बाय १० आहे, म्हणजे १२० चौरस फूट. नोटिशीत १४०. वरचे २० बहुधा गॅलरीचे असावेत. सुनावणीच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा, आणि आकडा आईंच्या अर्जात लिहा.