एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून विंडोज ११ टाकताना लॅपटॉपची एसएसडीच दिसत नाही. एसएसडी गेली का?

एसएसडी घ्यायची घाई करू नका. तुमच्या सांगण्यानुसार सेटअप सुरू होतो, पण विंडोज कुठे टाकायचं त्या पानावर फक्त तुमची १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क दिसते, आतली ५१२ जीबीची गायब. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो डिस्क मेली. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा आहे म्हणताय, म्हणून मला वेगळाच संशय आहे.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा (लॅपटॉप सुरू होताना बहुतेक एफ२, नाहीतर एफ१० किंवा डिलीट दाबून). तिथे एसएसडीचं नाव दिसलं तर दुकानदाराला लांबूनच नमस्कार करा. नाही दिसलं, तर त्याचं खरंही असेल, पण आधी एसएसडी काढून परत नीट बसवून बघायला सांगा.

बायोसला दिसते आणि सेटअपला नाही, याचं नेहमीचं कारण व्हीएमडी. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी इंटेलच्या या कंट्रोलरमागे (डिस्कचं काम सांभाळणारा भाग) असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये बहुधा नसतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर डाउनलोड करा. लोक अडकतात ते इथे: ती ईएक्सई फाइल तशीच कॉपी केली तर सेटअप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती एक्स्ट्रॅक्ट करा, म्हणजे आतल्या फाइल्स बाहेर काढा, आयएनएफ फाइल (सेटअप ड्रायव्हर ओळखतो ती) असलेला फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर टाका, मग त्याच पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. यादीतली व्हीएमडी लिहिलेली ओळ निवडली की एसएसडी हजर.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. पण जुनं विंडोज अजून लागणार असेल तर हे करू नका, ते सुरूच होणार नाही किंवा बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी की मागत बसेल.

आता यादीत दोन डिस्क असतील. 'डिस्क ०' म्हणजे आतलीच असं धरू नका, आकड्यावरून ओळखा: ५१२ जीबीची साधारण ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. डिलीट दाबायचं ते ४७६ वालीवरच, आणि तेही आतला डेटा नको असेल तरच.