चौघंच किती दिवस ओढणार?

प्रश्न : आमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तीन वर्षं सेक्रेटरी आहे. कामाला कायम तेच चार जण. मीटिंगला दहा लोकं पण येत नाहीत, ग्रुपवर मात्र रात्री बारापर्यंत तक्रारी चालू असतात. आता गच्ची गळतेय, वरच्या मजल्यावाले म्हणतात खर्च सगळ्यांनी मिळून करायचा, खालचे म्हणतात आमच्या घरात कुठे पाणी येतंय. मला तर सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. काय करू?

उत्तर : ताई, सोडावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. मी स्वतः ९ वर्षं कमिटीत काढलीत आणि दुसऱ्याच वर्षी राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. पण तुमच्याकडचीच लोकं आळशी किंवा वाईट आहेत असं मनात धरू नका, कारण हे माणसाचं सगळीकडेच होतं. मॅक्स रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच शेती-इंजिनियर होते, त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला, १९१३ साली ते छापून आलं. एकटा असताना माणूस जेवढा जोर लावतो त्याच्या जवळपास निम्माच जोर आठ जणांत ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला आला. त्यातला काही भाग सगळ्यांची लय न जुळण्याचा होता हे खरं, पण पुढे १९७९ ला अमेरिकेत टाळ्या वाजवण्यावर आणि ओरडण्यावर असेच प्रयोग झाले, त्यातही गटात माणूस ढिला पडतो हेच दिसलं. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते याच्यापुढचं आहे, आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे लोकांना कळलं की ती ढिलाई जवळजवळ गेली.

म्हणून "सगळ्यांनी सहकार्य करावे" हा मेसेज टाकणं बंद करा. सगळ्यांना सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. त्यापेक्षा दार वाजवा, नाव घेऊन एकच छोटं काम सांगा आणि ते कधी संपणार तेही सांगा. पद देऊ नका, काम द्या. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा होते, कधी मीटिंगला आले नाहीत, त्यांना मी इतकंच म्हटलं की काका आठवडाभर रात्री झोपताना आणि पहाटे उठल्या उठल्या पाण्याच्या मीटरचं रीडिंग वहीत लिहून द्याल का. मधल्या वेळात कोणी फारसं पाणी वापरत नाही, तरी आकडा रोज बऱ्यापैकी पुढे सरकत होता. शोधलं तर खालच्या टाकीचा बॉलकॉक बसला होता आणि जादाचं पाणी थेट गटारात चाललं होतं, किती दिवस ते देवालाच ठाऊक. तेव्हापासून काका आमचे पाण्याचे माणूस झाले, कुणी नेमले नव्हते तरी. साधा थेंब थेंब गळणारा नळसुद्धा सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी घालवतो, हे त्यांनीच घरोघरी जाऊन सांगितलं आणि लोकांनी त्यांचं ऐकलं, माझं ऐकलं नसतं.

आता गच्ची. खालच्या मजल्यावाल्यांना वाटतं ते चुकीचं आहे, पण त्यांना भाषण देऊन ते पटणार नाही. गच्ची ही वरच्या घराचं छत नसते, अख्ख्या बिल्डिंगचं छत असते. पाणी भेगांतून आत गेलं की काँक्रीटमधली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणजे काँक्रीट आतूनच फुटायला लागतं आणि मग तुम्हाला खाली पडलेला प्लास्टरचा तुकडा दिसतो. तो दिसतो तोपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडला २४ जून २०२१ ला रात्री चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली बिल्डिंग कोसळली, ९८ माणसं गेली. कोसळण्याची कारणं अनेक होती, पण २०१८ सालीच इंजिनियरने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाजवळच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय. त्यानंतर रहिवाशांमध्ये खर्चावरून वाद होत राहिले आणि मोठं काम पुढे ढकललं जात राहिलं. तुमची गच्ची गळतेय म्हणजे असंच होणार असं अजिबात म्हणत नाहीये, घाबरवायचं नाहीये मला. पण "माझ्या घरात कुठे येतंय" या वाक्याची किंमत किती असू शकते ते कळावं म्हणून सांगितलं.

मग करायचं काय, तर पैशाचा विषय काढायच्या आधी लोकांना वर न्या. खरंच न्या. पाऊस थांबून दोन दिवस झाले की सकाळी खालच्या मजल्यावरच्या चार-पाच जणांना घेऊन गच्चीवर जा, ४८ तास उलटूनही जिथे पाणी साचलेलं आहे तिथे खडूने गोल करा, पाइपच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा त्याच वेळी सगळ्यांनी मिळून काढा, मग उतरताना वरच्या मजल्यावरच्या घरातली ओल बघून या. आमच्याकडे निम्मा विरोध त्या एका सकाळीच मावळला. नंतर इंजिनियरकडून काम नेमकं काय ते लिहून घ्या आणि त्याच कागदावर तीन कोटेशन मागवा, नाहीतर प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर वेगळंच काम धरून आकडा देतो आणि मीटिंगमध्ये भांडण नुसतं आकड्यांवर होतं. काम झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी पाणी भरून निदान २४ तास चाचणी घ्या. मात्र बिल्डिंग जुनी असेल तर इंजिनियरला विचारूनच, कारण ५ सेंटीमीटर पाणी भरलं की दर चौरस मीटरवर ५० किलो वजन पडतं.

प्रश्न : आमच्याकडे दोन घरं वर्षभर मेंटेनन्स भरत नाहीयेत. बोर्डावर नावं लावावीत की पाणी बंद करावं?

उत्तर : पाणी बंद करायचा विचार डोक्यातून काढून टाका, त्या घरात लहान मुलं असतील, आजारी माणूस असेल. आणि बोर्डावर नाव लागलं की माणूस भरायचा सोडून लढायलाच उभा राहतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, त्यांनी आयुष्यभर हेच बघितलं की सामाईक कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी लोकं आपापसात कशी सांभाळतात. जिथे ते वर्षानुवर्षं टिकलं तिथे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले होते, लक्ष ठेवणारेही त्यांच्यातलेच होते, आणि शिक्षा पहिल्या चुकीला अगदी हलकी आणि मग पायरीपायरीने वाढणारी होती.

तुम्हीही तसंच करा. आधी एकाने घरी जाऊन शांतपणे विचारा, कागद न घेता. कधी नोकरी गेलेली असते, कधी दोन वर्षांपूर्वीची बाथरूमच्या गळतीची तक्रार कुणी बघितलेलीच नसते आणि त्या रागाने पैसे अडवलेले असतात. अडचण खरी असेल तर हप्ते बांधून द्या. मग लेखी पत्र, मग सगळ्यांना सारखं लागू असलेलं व्याज, आणि अगदी शेवटी कायद्याचा रस्ता. पण या सगळ्याच्या आधी स्वतःचा हिशोब दर महिन्याला जिन्यात लावा, किती आले, कशावर गेले, किती शिल्लक. ज्याला पैसा कुठे जातो ते दिसत नाही त्याला भरायला सांगायचा आपला आवाजही जरा खालीच येतो.

प्रश्न : भाडेकरूंना कामात घ्यावं का? काही मालकांचा विरोध आहे.

उत्तर : घ्या की! खर्चाच्या ठरावावर मत मालकांचं, ते ठीक आहे, पण जिना, लिफ्ट, कचरा, पंप हे रोज वापरतं कोण? लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबत नाहीये हे आमच्याकडे सगळ्यात आधी एका भाडेकरू मुलीने कळवलं होतं, तिचा मालक तर दुसऱ्या गावाला राहत होता, त्याला कुठून कळणार. त्याच दिवशी लिफ्ट बंद ठेवून मेकॅनिकला बोलावलं, आणि पुढच्या महिन्यापासून लिफ्टच्या सर्व्हिसिंगची वही तिच्याकडेच दिली.