भाच्याचा जर्मन पगार

प्रश्न: ताई, माझा भाचा आयटीआय झालेला फिटर आहे. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हातात 22 हजार पडतात, ओटी झाला तर थोडे जास्त. आता एका एजन्सीने त्याला श्टुटगार्टजवळच्या कारखान्याचं पत्र आणून दाखवलंय. महिना 2,900 युरो, आठवड्याला 40 तास. म्हणजे जवळपास तीन लाख रुपये! बहीण हरखून गेली आहे, मला मात्र धास्ती वाटते. एवढा पगार देणारे लोक तेवढंच पिळून घेत असतील ना?
– एक मामा, राजगुरुनगर

उत्तर: मामा (भाच्याचे मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा), मी आधी भोसरीत टाइम ऑफिसला होते. आता श्टुटगार्टच्या बाजूला एका कंपनीत पगारपत्रकं करते. लोकांचे तास मोजून पैसे काढणं हाच माझा धंदा, त्यामुळे तुमचं पत्र थेट माझ्या टेबलावर आल्यासारखं झालं.

पहिलं म्हणजे ते तीन लाख विसरा. 2,900 हा ब्रुटो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा आकडा. एकट्या माणसाला इथे पहिला करवर्ग लागतो. पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा मिळून ब्रुटोतला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग जातो, वर आयकर. हातात येतील 2,000 युरोच्या आसपास. युरो शंभर रुपयांचा धरला तर दोन लाख. त्यातून शहरात दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या घरातली एक खोली साधारण 600. घरी डाळ-भात-पोळी केली तर खाणं 250. बस-रेल्वेचा देशभर चालणारा महिन्याचा पास 63. घरात टीव्ही असो वा नसो, त्याची फी 18.36. मग फोन, किरकोळ विमा, हिवाळ्याचे कपडे. शिवाय खोली घेताना भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत डिपॉझिट मागता येतं, ते सुरुवातीलाच लागतं. काटकसरीने राहिला तर महिन्याला 800 ते 1,000 युरो मागे पडतील. बहिणीने 80 हजार धरून चालावं. चाकणला तो घरी राहूनही एवढे मागे टाकत नसणार.

पण रुपयांत भागाकार-गुणाकार करून खरा फरक कळत नाही, तासात मोजा. चाकणला 22 हजार भागिले महिन्याचे 208 तास, म्हणजे तासाला 106 रुपये. एक लिटर दुधासाठी त्याला अर्ध्या तासाहून जास्त राबावं लागतं. इथे हातात तासाला साडेअकरा युरो येतात आणि दूध साधारण युरोभर, म्हणजे पाच-सहा मिनिटांचं काम. आता केस कापायला जा. माझ्या भागात पुरुषांचे केस कापायला 28-30 युरो पडतात, म्हणजे अडीच तासांची मजुरी. चाकणचा न्हावी तेवढ्याच कामाचे शंभर घेत असेल तर ती एका तासाची. यंत्रातून निघणाऱ्या वस्तू इथे स्वस्त आणि माणसाच्या हाताचं काम महाग. नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला की बिल बघून मला आजही घाम फुटतो. आता गंमत बघा, तुमचा भाचा फिटर, तो त्या महाग बाजूलाच उभा राहणार आहे. पगार जास्त असण्याचं कारण बरंचसं तेच.

आता पिळवणुकीचं. इथे कायद्याने दिवसाचे 8 तास. फार तर 10 पर्यंत जाता येतं, पण सहा महिन्यांची सरासरी 8 वर आलीच पाहिजे. एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत 11 तास विश्रांती द्यावी लागते. आमच्याकडे जादा तास बहुधा तासांच्या खात्यात जमा होतात, पुढे सुट्टी म्हणून काढून घेता येतात. कोणाची नोंद दहाच्या वर गेली की मला ती लाल दिसते आणि त्याच्या माइस्टरला, म्हणजे तुमच्याकडच्या सुपरवायझरला, मला फोन करावा लागतो. भोसरीत असे फोन केले असते तर मी दिवसभर दुसरं काहीच केलं नसतं. ओटीला दुप्पट दर आपल्या कायद्यात 1948 पासून आहे. ठेकेदाराच्या माणसांना तो किती ठिकाणी सिंगलच मिळतो, हे मी माझ्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत पाहिलंय. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तसेच ठेवलेत, पण तासांचे असे हिशेब बघण्यात वर्षं घालवल्यामुळे माझा जीव काही शांत होत नाही.

वर्षाचा हिशेब धरा. 40 तासांचा आठवडा, 30 दिवस रजा (कायद्याने किमान 20, पण 30 देणारे पुष्कळ) आणि सणांच्या सुट्ट्या वजा केल्या की 1,760 तासांच्या आसपास राहतात. चाकणला 48 च्या आठवड्याने, 15 दिवस रजा आणि आठ सुट्ट्या सोडून, 2,300 च्या वर. साडेपाचशे तासांचा फरक म्हणजे चाकणच्या मापाने अकरा आठवड्यांहून जास्त काम. त्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर बसमध्ये जाणारा वेळ मी धरलेलाच नाही. आणि इथे आजारी पडला तर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते.

पण त्या पत्रातला 40 चा आकडा मला खटकतो. इथल्या धातू-उद्योगात 1984 च्या मोठ्या संपानंतर तास टप्प्याटप्प्याने उतरले आणि 1995 पासून पश्चिम जर्मनीत युनियनच्या करारात 35 तासांचा आठवडा आहे. 40 लिहिलंय म्हणजे कारखाना बहुधा त्या कराराबाहेरचा, लहान असावा. त्यात वाईट काही नाही, पण भाच्याने विचारावं: तारिफ, म्हणजे युनियनचा हा पगार-करार, लागू आहे का? दुसरं त्याहून महत्त्वाचं. त्याला घेतलंय ते फिटर म्हणून की हेल्पर म्हणून? आपल्या आयटीआयची बरोबरी इथल्या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी लावली जाते. न्यूर्नबर्गचं कार्यालय कागद तपासून पूर्ण मान्यता, अर्धी मान्यता किंवा नकार देतं. अर्धी मिळाली तर उरलेलं शिकून घ्यावं लागतं, आणि तोवर पगार कमी असतो. किमान वेतन 2026 मध्ये तासाला 13.90 आहे. 40 तासांनी ते महिन्याला 2,400 च्या थोडं वर, तेही ब्रुटो. पत्रातला 2,900 चा आकडा मान्यतेनंतरचा की आधीचा, हे लेखी घ्या.

भाषेचं सगळ्यात कठीण. मशीन बंद पडली की तिच्यावरच्या सूचना जर्मनमध्येच वाचाव्या लागतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच्याशी, कुशल कामगारांबाबत करार केला आहे. त्यातून काही मिळतंय का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाकडून ऐकू नका.

आणि एजंटाचं म्हणाल तर, परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून कायद्याने 30 हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकऱ्यांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, त्याचं नाव आहे का ते आधी पाहा. दोन-अडीच लाख मागत असेल, आणि ते भरायला बहिणीने भाच्याचा पीएफ काढायचं ठरवलं असेल, तर तिला थांबवा आणि तो अर्ज भरूच देऊ नका.