बँक मोठी झाली की गिऱ्हाईक का दिसेनासं होतं?

प्रश्न: आमची बँक छोटी होती तेव्हा मॅनेजर नावानं ओळखायचे, आता न विचारता विमा गळ्यात मारतात. असं का होतं?

उत्तर: ताई, वर बसलेल्यांना माणसं दिसत नाहीत, आकडे दिसतात, आणि तेच टार्गेट बनून खाली येतात. अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक बघा, एका ग्राहकाला ८ प्रॉडक्ट विकायचा वरून धोशा, मग नोकरी टिकवायला ब्रँचवाल्यांनी परस्पर लाखो खाती उघडली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं, बहुतेक खालचेच, याचा फार राग येतो. शिवाय खातं बदलणं किचकट, त्यामुळे आपण जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. तुम्ही लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे.