आरोग्य संकटाच्या काळात ऑनलाइन फसवणुकीपासून सामान्य लोकांना कसं वाचवता येईल?

"ओटीपी कुणाला देऊ नका" एवढ्याने कुणी वाचत नाही. मी गोव्यात डिचोली तालुक्यात वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसतो, हे वाक्य रोज दहा वेळा म्हणतो, आणि मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मीच २१ हजार रुपये घालवून बसलो. ओटीपी कुणी मागितलाच नव्हता. पिन मी स्वतःच्या बोटाने दाबला.

तेव्हाचा गोवा आठवून बघा. ९ मेपासून कर्फ्यू. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, पहाटे दोन ते सहा या वेळात माणसं दगावत होती. ११ मेला २६ गेली, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं आणि ऑक्सिजनचा विषय हायकोर्टात पोचला. आई घरी, बोटाला ऑक्सिमीटर, आकडा ८९. ती एकच म्हणत होती, "मला बांबोळीला नेऊ नको." म्हणजे सिलिंडर घरी आणायचा.

गावच्या ग्रुपवर भावोजींचा मेसेज आला: म्हापसा, जंबो सिलिंडर, तात्काळ, व्हेरिफाइड. खाली नंबर आणि तीन वेळा जोडलेले हात.

फोन लावला. माणूस हिंदीत बोलत होता, पण इतका मवाळ की काय सांगू. आईचं वय विचारलं, आकडा विचारला, म्हणाला, गाडी पोचेपर्यंत त्यांना पालथं झोपवा. सल्ला बरोबर होता, डॉक्टरही तेच सांगत होते. तिथेच माझा विश्वास बसला. मग बिल पाठवलं, त्यावर जीएसटी नंबर. तो मी पोर्टलवर तपासला, खराच होता. फक्त दुसऱ्या राज्यातल्या कुणा भलत्याच व्यापाऱ्याचा होता. यूपीआयवर नाव आलं तेही फर्मचं नव्हे, कुणा एकट्या माणसाचं. समोर गिऱ्हाईक असतं तर मी त्याचा हात धरला असता. पण तेवढ्यात ऑक्सिमीटर ८७ दाखवायला लागला आणि मी नऊ हजार पाठवले. अर्ध्या तासाने सिलिंडरचं डिपॉझिट म्हणून बारा. डिपॉझिट खरे दुकानदारही घेतातच, त्यामुळे तेही गेले. मग गाडी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर अडली आहे, आणखी पाच टाका. म्हापशाहून आमच्या साखळी गावाला येणारी गाडी पत्रादेवीला कशाला जाईल? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "बँकेत असून फसलास? आता कुणाकडे बोलू नको, लोक हसतील." मी गप्प बसलो. तीन दिवस. पैसे पाठवले ती चूक मी अजूनही स्वतःला माफ करतो, हे तीन दिवस नाही. असा पैसा मिळालेल्या खात्यात थांबत नाही, तासाभरात पुढच्या चार खात्यांत जातो आणि कुठल्यातरी एटीएममधून निघतो. आता ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायला १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. व्यवहाराचा नंबर हाताशी घेऊन लगेच लावा, पैसे पुढे सरकले नसतील तर समोरच्या खात्यात अडवता येतात. रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहे, ते नंतर.

बँक भरून देईल का, असं पुढे कुणी विचारेलच. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. तुमच्या नकळत पैसे गेले, त्यात तुमची चूक नसली आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नव्हता. स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाला त्यात आडोसा नव्हता. हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलंय. त्या आठवड्यात आरशासमोर समजावलं.

तर लोकांना कसं वाचवायचं? सिलिंडर कुठे आहे हे सांगणारा सरकारी फोन तेव्हा उचलला गेला असता, तर त्या मवाळ माणसाला कुणी विचारलं नसतं. पोस्टर नंतर लावा. आणि दुसरं, 'व्हेरिफाइड' लिहिणाऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: फोन कुणी केला, कधी केला, माल हातात आला का. नसेल माहीत तर तो शब्द लिहू नये. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे भावोजी आजही म्हणतात. अर्धा गुन्हा तिथेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेही सांगायला हवं की त्याच ग्रुपवरच्या दुसऱ्या एका नंबरावरून शेजारच्या वाड्यावरच्या मुलांनी रात्री अकरा वाजता कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, आणून लावला, एक रुपया न घेता. आई त्यावरच तरली. त्यामुळे फॉरवर्ड करूच नका असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि भावोजी वाईट माणूस नाहीत, त्या महिन्यात त्यांनी तिघांना स्वतःच्या गाडीतून नेलं.

पण गेल्या पावसाळ्यात डेंगी वाढला तेव्हा त्यांनी पुन्हा ग्रुपवर प्लेटलेट देणाऱ्याचा नंबर टाकला. व्हेरिफाइड, जोडलेले हात. मी तिथेच विचारलं, "भावोजी, फोन करून बघितला का तुम्ही?" निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. ताईचा मात्र फोन आला, सगळ्यांसमोर विचारायची काय गरज होती म्हणून.