'द थर्ड मॅन' (1949) या चित्रपटातला पेनिसिलिनचा काळाबाजार खरोखर होत होता का?

हो, महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात तो खरोखर चालायचा. पटकथाकार ग्रॅहम ग्रीन यांनी आत्मकथनात लिहून ठेवलंय की 1948 साली कथेच्या शोधात ते तिथे गेले, तेव्हा एका तरुण ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्याकडून त्यांना हा धंदा आणि शहराखालच्या गटारांत फिरणारे पोलीस, दोन्ही कळलं. शहर तेव्हा अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यात होतं. पेनिसिलिन नवं आणि दुर्मिळ, तेही आधी लष्करी इस्पितळांपुरतं. मग ते चोरून मागच्या दारानं विकलं जायचं. चित्रपटातला हॅरी लाइम तर त्यात भेसळ करून विकतो, आणि मेंदूज्वर झालेल्या मुलांना तेच औषध टोचलं जातं. दिग्दर्शक कॅरल रीड यांनी ती मुलं एकदाही दाखवलेली नाहीत. दिसतात फक्त खाटा, त्यांच्याकडे बघणाऱ्या मार्टिन्सचा, म्हणजे हॅरीच्या मित्राचा, चेहरा, आणि एक नर्स टेडी बेअर उचलून उलटा टाकून देते तेवढं. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातलं सगळ्यात भयंकर दृश्य हेच, शेवटच्या गटारांतल्या पाठलागापेक्षाही.

मात्र धंदा खरा असला तरी हॅरी लाइम हे पात्र काल्पनिक आहे. ज्याला पुरलं तोच माणूस नंतर लंडनच्या रस्त्यावर दिसतो, ही कल्पना ग्रीननी व्हिएन्नाला जाण्याच्या बऱ्याच आधी एका पाकिटावर टिपून ठेवली होती.